पाच माणसं, अडीच तिकिटं

मंगळवारी ताडोबाचं गाभा क्षेत्र पर्यटकांसाठी बंद असतं. मोहर्लीला, कोलाऱ्याला उतरलेली कुटुंबं त्या दिवशी रिसॉर्टमध्येच बसून राहतात. मुलं मोबाइलमध्ये, आईवडील पुढच्या सफारीच्या चौकशीत, आजी खोलीत. इतक्या लांब येऊन अख्खा दिवस असा वाया गेलेला बघवत नाही. म्हणून यंदा सरळ सांगते: मंगळवारी चंद्रपूरच्या एसटी स्टँडवर या.

आधी खर्चाचं बोलू. आई, बाबा, दहा आणि सात वर्षांची दोन मुलं आणि शहात्तर वर्षांची आजी, असं कुटुंब धरा. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून एसटी मोफत आहे. बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना तर पूर्वीपासूनच अर्धं. म्हणजे बाबांचं एक, आईचं अर्धं आणि मुलांची दोन अर्धी. पाच माणसं, अडीच तिकिटं. आजीचं आधार कार्ड तेवढं बरोबर घ्या. दिवस जास्त असतील तर ‘आवडेल तेथे प्रवास’चा चार किंवा सात दिवसांचा पास काढा.

गावच्या बसने फिरायची ही युक्ती नवी नाही. कॅरिबियन समुद्रातल्या क्रूझवर जाणारी मराठी कुटुंबं आता कमी नाहीत. जहाज सकाळी बंदराला लागतं, संध्याकाळी सुटतं. मधल्या सात-आठ तासांसाठी कंपनी आपल्या सहली विकते, आणि चौघांच्या घराला त्या चांगल्याच महाग पडतात. मुरलेले प्रवासी बंदराच्या फाटकाबाहेर चालत जातात आणि गावची बस पकडतात. बार्बाडोसमध्ये सगळे समुद्रकिनारे सार्वजनिक आहेत, तिथे साध्या बसने जाऊन मुलं दिवसभर डुंबतात. दुसरी तऱ्हाही तिथेच बघायला मिळते. हैतीतलं लबादी हे किनाऱ्याचं टोक एका क्रूझ कंपनीने १९८६ पासून भाड्याने घेतलं. भोवती कुंपण घातलं. तिथे उतरलेला माणूस वाळूत लोळून परत जहाजावर चढायचा आणि हैती त्याला दिसायचंच नाही.

आपल्याकडे नागपूरच्या विमानतळावरून गाडीत, गाडीतून रिसॉर्टमध्ये, रिसॉर्टमधून सफारीच्या जिप्सीत आणि आल्या वाटेने परत, असा प्रवास करणाऱ्याला चंद्रपूर कितीसं दिसतं? ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचं मोल मी कमी करत नाही. वाघ जरूर बघा. जिप्सीत सहा जण बसतात, दुसऱ्या एखाद्या कुटुंबाशी जमवून घेतलंत तर तो खर्चही वाटला जाईल. पण चार दिवसांतला एक दिवस या जिल्ह्यातल्या माणसांना द्या.

तो दिवस शहरापासून सुरू करा. स्टँडबाहेर चण्याची तर्री घातलेले पोहे खा आणि गोंडराजांच्या तटाकडे निघा. जटपुरा, बिनबा, अंचलेश्वर, पठाणपुरा असे चार दरवाजे आणि पाच खिडक्या. खिडकी म्हणजे तटातला लहान दरवाजा. त्यातल्या एकीचं नाव चोर खिडकी. ती शोधायचं काम मुलांवर सोपवा, तासभर तरी मोबाइल आठवणार नाही. हा तट झाडाझुडपांत गडप झाला होता. २०१७ मध्ये इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी महिनोन् महिने श्रमदान करून तो मोकळा केला. आज तुम्ही त्याच्यावरून चालता ते त्यांच्या घामावर, हे मुलांना सांगायला विसरू नका.

अंचलेश्वराजवळ राणी हिराईने राजा बीरशहासाठी बांधलेली समाधी आहे. महाकालीचं देऊळही तिचंच. चैत्रात इथे नांदेड-परभणीकडून आणि तेलंगणातून हजारो माणसं येतात, झरपटीच्या काठी चुली मांडतात, डोक्यावर गाठोडं, कडेवर लेकरू. कमी पैशात कुटुंब घेऊन फिरायचं कसं, हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. शहरातल्याच भिवापूरकडे अपूर्ण देवालयाच्या प्रचंड मूर्ती उघड्यावर आहेत. त्यातल्या दहा तोंडांच्या आडव्या पडलेल्या दुर्गेला लोक ‘रावण’ म्हणतात. सात वर्षांचं पोर तिच्या एका चेहऱ्याशेजारी उभं करा, म्हणजे पाथरवटांनी केवढ्या कामाला हात घातला होता ते त्याला आपोआप कळेल.

दुपारनंतर वेळ उरला तर भद्रावती. नागपूरकडे जाणारी कुठलीही साधी गाडी तासाभरात तिथे पोचवते. विजासनचं बौद्ध लेणं टेकडीत सरळ आत शिरतं. लांब अंधारी वाट, दोन्ही बाजूंना फुटलेले फाटे आणि टोकाशी बसलेले बुद्ध. बॅटरी बरोबर न्या, आणि मग मिनिटभर ती बंद करून सगळ्यांनी गप्प उभं राहा. ही शांतता मुलं जन्मभर विसरणार नाहीत.

दुसरा दिवस हाताशी असेल तर मूल, हरणघाट, चामोर्शी या वाटेने मार्कंडा गाठा. हरणघाटच्या पुलावर वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. मार्कंड्याला ही दक्षिणेकडे वाहणारी नदी उत्तरेला वळते, आणि त्या वळणावर कोरीव दगडी देवळांचा समूह उभा आहे. थंडीत पात्रात वाळू उघडी पडते. काठाकाठाने चाला, खोल पाण्यात मात्र उतरू नका.

या वाटेवर मला सगळ्यात मोलाचं जे मिळालं ते गाडीतच मिळालं. माझ्या शेजारी चामोर्शीकडची एक बाई बसली होती. मी विचारलं, मोहाला यंदा जाणार का? ती म्हणाली, “जा लागते जी. वाघाचा भेव हाये, पन मोहा कोन आनून देईन?” उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुलं पडतात ती पहाटे, आणि वेचायचीही पहाटेच. तीच वाघाच्या वावराची वेळ. आपण ज्याच्या दर्शनासाठी पैसे मोजतो, त्याच्या भीतीत ही बाई टोपली भरते. माझ्यापुढच्या बाकावर पुण्याकडची एक मुलगी कान देऊन ऐकत होती. उतरताना तिने आईला विचारलं, “त्या आजी एकट्या जातात का गं जंगलात?” हा प्रश्न जिप्सीत बसून पडत नाही. वाघ वाचवण्याबद्दल आपण मुलांना जे काही शिकवतो, त्याची सुरुवात इथून व्हायला हवी.

आणि रात्र? दिवाळीनंतर होळीपर्यंत इकडे आलात तर झाडीपट्टीचं नाटक चुकवू नका. त्याचं माहेरघर वडसा. गोंदियाच्या रुळावर चंद्रपूरच्या चांदा फोर्ट स्टेशनवरून पॅसेंजर पकडली की मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी करत वडशाला पोचता येतं. मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, गावात शेतात मंडप पडतो, रात्री पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत गाणी, हसणं, रडणं चालतं. खाली बसायचं तिकीट खुर्चीपेक्षा स्वस्त. सतरंजी आणि दोन ब्लँकेटं न्या. झोपलेली पोरं मांडीवर घेऊन बसलेली शेकडो कुटुंबं तुम्हाला सरकून जागा देतील. ज्या कलेसाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती बघायची तर तिच्या स्वतःच्या मातीत बघा.

आता सावधगिरी. क्रूझवाले एक नियम पाळतात: जहाज सुटायच्या तासभर आधी बंदरावर. आपल्याकडे जहाजाच्या जागी शेवटची एसटी. उतरल्याबरोबर कंडक्टरला परतीच्या गाडीची वेळ विचारा, आणि शेवटच्या गाडीवर न विसंबता तिच्या आधीची धरा. अंधार पडल्यावर जंगलाच्या रस्त्याने पायी जाऊ नका. पाण्याच्या बाटल्या, चिवडा, संत्री बरोबर असू द्या. बाकी भजी-चहाचे पैसे स्टँडवरच्या टपरीवर मोडा. ते पैसे त्याच संध्याकाळी गावातल्या किराण्याच्या दुकानात जातात.

एक मागणी सरकारकडे. इकडच्या एका बसस्थानकावर मी मार्कंड्याच्या गाडीची वेळ तीन खिडक्यांवर विचारली आणि तीन उत्तरं ऐकली. फलक कोरा होता. इथल्या माणसाला वेळ पाठ असते, बाहेरून आलेलं कुटुंब मात्र मुकाट्याने खासगी गाडी करतं, किंवा रिसॉर्टच्या बाहेरच पडत नाही. तेव्हा ताडोबाच्या प्रत्येक प्रवेशद्वारावर सफारीच्या दरपत्रकाशेजारी एसटीचं वेळापत्रक लावा. मोठ्या अक्षरांत, आजीला चष्म्याशिवाय वाचता येईल असं. या एका फलकाने मंगळवार उघडेल.