प्रेशरवाले भाऊ

डिसेंबरात अमरावतीच्या एखाद्या गच्चीवर भल्या सकाळी दोन माणसं सोलरकडे पाहत उभी दिसली, तर एक घरमालक आणि दुसरे भाऊ, असं खुशाल समजावं. गरम पाण्याची धार करंगळीएवढी झाली की लोक प्लंबरला फोन करतात. प्लंबर "अर्ध्या तासात आलोच" म्हणतो, म्हणजे परवा. मधला काळ भाऊंचा.

भाऊ निवृत्त आहेत. कशातून, हे आता कोणी विचारत नाही. कानटोपी, खिशात मोजपट्टी. नळाला हात लावण्याआधी ते वैद्यबुवांसारखी चौकशी करतात. "थंड्याची धार बराबर हाय का? बेसिनलेही कमी येते का बाथरूमलेच? पाव्हणे गिव्हणे आल्ते का?" पाहुण्यांचा काय संबंध, हे विचारायची सोय नसते.

प्रश्नांत मात्र दम असतो. एकाच नळाची धार बारीक, तर तोंडाची जाळी चोंदली. सगळ्याच नळांची बारीक, तर टाकीखालचा व्हॉल्व्ह पाहा. थंड जोरात आणि गरमच रडतंय, तर टाकी निर्दोष, दुखणं सोलरच्या लाइनीत. टाकीची उंची तरीही ते मोजतातच. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे साधारण १ बार. तुमची टाकी नळाच्या ३ मीटर वर, म्हणजे जेमतेम ०.३. "इतक्यात धबधबा पायजे असंन तं चिखलदऱ्याले जा, राजेहो!"

भाऊ मूळचे दर्यापूरकडचे, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले, त्यामुळे त्यांचा पहिला संशय क्षारांवर. "पण भाऊ, आमच्याकडे अप्पर वर्ध्याचं पाणी येते," असं कोणी म्हटलं की ते अशाच वाक्याची वाट पाहत असल्यासारखे वळतात. "नळाचं तुमी पेता. सोलरमंदी तं बोरचंच सोडता नं?" घरमालक गप्प. बोरचं जड पाणी तापलं की त्यातला चुना सुटतो आणि नळ्यांच्या, पाइपांच्या आत थर धरतो, हे खरंच आहे. भाऊ चुकत नाहीत, हीच अडचण आहे. चुकले असते तर लोकांनी केव्हाच बोलावणं बंद केलं असतं. पान्याला मात्र ते हात लावत नाहीत. खोलून पाहणं त्यांच्या मते अडाण्याचं काम.

अकोल्याला त्यांचे साडू आहेत, तेही याच पंथाचे. तिथं नळ रोज येत नाही, म्हणून साडूंचं निदान टाकीत किती पाणी आहे इथून सुरू होतं. साडूंच्या मुलीच्या हळदीच्या सकाळीच गरम पाण्यानं दगा दिला. भाऊ म्हणाले क्षार. साडू म्हणाले हवा धरली. पाइपाला मधे उंचवटा आहे, तापलेल्या पाण्यातून सुटलेली हवा तिथं जाऊन बसते. दोघं गच्चीवर चढले. मोजपट्टी निघाली, वाद रंगला, खाली नवरीची आंघोळ खोळंबली.

शेवटी वहिनी बाथरूममध्ये शिरल्या. मिक्सरच्या तोंडावर तळहात घट्ट दाबला आणि थंड-गरम दोन्ही कॉक पूर्ण उघडले. थंड पाणी उलटं गरमच्या पाइपात घुसलं, अडकलेली हवा रेटत वर गेलं, आणि गच्चीवर भाऊंच्या कानाशी व्हेंट पाइपानं गडगडून ढेकर दिली. खाली वाफाळती धार लागली.

साडू विजयानं खाली उतरले. भाऊ वरच. "पानी आलं वो," ते कठड्यावरून ओरडले, "पन आजच काहून बंद पडलं, हे समजलं का कोनाले?" वहिनींनी चहा गच्चीवर पाठवला. तो गार होईपर्यंत भाऊंनी उंचवटा मोजला. दीड इंच. पुन्हा धरेल हवा, असं बजावूनच ते हळद लावायला खाली आले.

मार्च लागला की वऱ्हाडात गरम पाण्याचं नाव कोणी काढत नाही. भाऊंना त्याची झळ लागत नाही. तेव्हा कूलर निघतात, आणि कूलरचं पाणी एकाच ताटीवर का पडतं, हा प्रश्न जूनपर्यंत पुरतो.