मोकळा असेल त्यानं यावं

आप्पा कोणालाच नावानं हाक मारत नाहीत. घरात ‘कोण आहे रे तिकडे’, ऑफिसात ‘मोकळा असेल त्यानं यावं’, आणि बायकोला लग्नापासून ‘ऐकलं का’. जारगाव चौफुलीच्या बाजूला पहिल्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. खाली नळ-पाइपांचं दुकान, वर सॉफ्टवेअर. पाट्या दोन्हींच्या एकाच पेंटरनं रंगवलेल्या, त्यामुळे पीव्हीसीचा एल्बो विचारायला आलेली माणसं जिना चढतात. आप्पा त्यांनाही बसवतात, चहा पाजतात आणि पीएचपी समजावून सांगतात.

पीएचपीवर त्यांचा जीव. रास्मुस लेरडॉर्फनं १९९४ मध्ये आपल्या बायोडेटाचं पान किती जण बघतात ते मोजायला काही किडूकमिडूक लिहिलं, आणि त्याची भाषा होत गेली. ‘आधी सुरू केलं, काय आहे ते मागून ठरलं. माणूस आपल्याकडचाच पाहिजे होता भो!’ हे आप्पांचं मत.

आणि या भाषेतही त्यांना सगळ्यात आवडतं ते हेच, की नाव न घेता हाक मारता येते. फंक्शनचं नाव एका व्हेरिएबलमध्ये ठेवायचं आणि त्यापुढे कंस टाकायचा. पीएचपीत नावं देवनागरीतही चालतात, हा शोध लागल्यावर तर आप्पांनी अख्खी जिनिंगची सिस्टीम मराठीत लिहिली. काटा, आवक, पावती_छाप, हमाली_काप. पण यातलं एकही नाव तुम्हाला जिथं हवं तिथं सापडणार नाही. तिथं एवढंच असतं:

$काम();

‘कोणतं काम, आप्पा?’ असं विचारलं की चष्मा कपाळावर जातो. ‘आतापासून कशाले ठरवायचं? टाईम येऊ दे ना भो.’ रिक्षा कोणती, मुलीच्या लग्नाचा आचारी कोण, उद्या जळगावला जायचं की चाळीसगावला, सगळ्याला हेच उत्तर.

त्यांच्या या हाकेला ‘इको’ मात्र येत नाही. पडद्यावर अक्षरं उमटवणारा हा इको फंक्शन नाहीच, तो भाषेच्या घडणीतलाच भाग. व्हेरिएबलमधून बोलावलं तर ढिम्म हलत नाही. आप्पा त्याला जावई म्हणतात. ‘त्याले असं अंगणातून ओरडून चालत नाही. मधी माणूस घालावा लागतो.’ मग ते एक छोटं फंक्शन लिहून त्याच्या पोटात इको ठेवतात आणि त्या मध्यस्थाला हाक मारतात.

हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टी असते, तीही याच पद्धतीची. एकदा पन्नासेक माणसं जमली. पऱ्हाट्यांचा जाळ झाला, मिरच्या-लसूण निवडून झालं, पुऱ्यांचं पीठ भिजलं, आणि मग कोणीतरी विचारलं, वांगी कुठं आहेत? ‘जो येईल तो आणेल’ असं आप्पांनी प्रत्येकाला कळवलं होतं. आप्पा जाळाकडे पाहत म्हणाले, ‘कॉल बरोबर लागला, पॅरामीटर राहिले.’

पण खरी गोष्ट मार्चची. आप्पांचा पुतण्या पुण्यात नोकरीला. संक्रांतीला घरी आला आणि काकांचा कोड पाहून त्याला झाडूनपुसून काढावासा वाटला. पोरगा शिस्तीचा. एकेक फंक्शन घ्यायचा, सगळ्या फायलींत त्याचं नाव शोधायचा, आणि कोणी बोलावत नसेल तर उडवायचा. ‘मार्च_अखेर’ असंच सापडलं. चांगलं लांबलचक, वर्षाचा शिल्लक माल आणि येणं-देणं काढणारं. शोधलं तर ते नाव अख्ख्या कोडमध्ये फक्त त्याच्या स्वतःच्या डोक्यावर. बाकी कुठंही नाही. उडवलं, आणि ‘घर हलकं केलं आप्पा’ म्हणून पुण्याला गेला.

एकतीस मार्चच्या रात्री जिनिंगच्या दिवाणजींनी नेहमीचं बटण दाबलं. बटणामागं काय होतं, तर:

$काम = $महिना . '_अखेर';

आणि पुढच्याच ओळीत आप्पांची सावधगिरी: या नावाचं कोणी हाकेला येण्यासारखं आहे का बघ, असेल तर बोलाव, नसेल तर गप्प बस. इतर अकरा महिन्यांत कोणी नसायचंच, म्हणून ही सोय. मार्चमध्येही सोय इमानानं गप्प बसली. ना लाल अक्षरं, ना एरर. दिवाणजी ‘झालं वाटतं’ म्हणून कुलूप लावून घरी गेले. चार दिवसांनी सीएचा फोन आला की शिल्लक मालाच्या कागदावर काहीच नाही.

पुतण्याला फोन लागला. ‘आप्पा, त्याला कोणीच बोलावत नव्हतं हो!’

‘कसं नव्हतं? मी बोलावतो ना!’

‘पण कुठून?’

‘महिना लागला की महिनाच बोलावतो त्याले.’

यावर त्या पोरानं फोनवर जो श्वास सोडला, तो मला समोरच्या खुर्चीत ऐकू आला. फंक्शन जुन्या प्रतीतून परत आलं, हिशेब निघाला. आप्पा कोणावर रागावले नाहीत. रागावायचं तर नाव घ्यावं लागतं.

पुतण्या मात्र पुढच्या सुटीत तयारीनं आला. बाकीच्या पानांवर कामाचं नाव थेट ब्राउझरच्या पत्त्यातून यायचं. आधी त्यानं त्या पत्त्यात ‘काम’च्या पुढं ‘पीएचपीइन्फो’ टाकून दाखवलं, आणि सर्व्हरची सगळी कुंडली पडद्यावर आली. येईल ते नाव जसंच्या तसं बोलावायचं म्हटल्यावर परक्यानंही बोलावलं तरी ते येणारच. आप्पा थोडे चपापले. मग दोघांनी बसून परवानगीची यादी केली: यादीत असेल तेच काम, बाकीचं दारातून परत. ‘मग यात डायनॅमिक ते काय राहिलं?’ असं आप्पा दोनदा पुटपुटले. आठवड्यानं पाहतो तर ती यादी त्यांनी डेटाबेसमध्ये हलवली होती आणि तिच्यात नावं टाकायचं पान दिवाणजींकडे दिलं होतं.

पुतण्यानं कपाळाला हात लावला, पण हरला नाही. पीएचपी ८.१ मध्ये, म्हणजे २०२१ पासून, फंक्शन लगेच न चालवता नुसतं हातात धरून ठेवायची नवी रीत आली आहे, ती त्यानं यादीत वापरून दाखवली. नाव स्पष्ट लिहायचं, म्हणजे शोधलं की सापडतं, आणि कंसात तीन टिंबं:

मार्च_अखेर(...)

आप्पा खुर्ची पुढं ओढून बघत राहिले. ‘हे टिंब टिंब टिंब म्हणजे पुढचं नंतर पाहू, असंच ना?’

‘तसंच समजा.’

‘मग चालतंय की. नावं तू लिहीत जा. टिंबं मी देतो.’