करू मॅनेज

तहसील कचेरीसमोरच्या टपरीवर सकाळी अकराला जो माणूस उभ्याउभ्याच कटिंग मारतो आणि ज्याच्या चहाचे पैसे कायम दुसराच कुणीतरी देतो, ते आबा. तालुक्यागणिक एक असतातच. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, वरच्या खिशात लोकांच्या सातबाऱ्यांच्या घड्या, हातात दोन फोन. इंग्रजी क्रियापद मात्र एकच. तेवढ्यावर उभी हयात निघाली.

"आबा, वारसनोंद अडकलीय."

"करू मॅनेज."

"आबा, पोराच्या ॲडमिशनचं..."

"करू मॅनेज."

"आबा, पाऊस काय पडंना."

आबा आभाळाकडे बघतात. "बघू."

वारसनोंदीचं मॅनेज मी जवळून पाहिलंय. तलाठ्यानं फेरफार धरला की हरकतींसाठी 15 दिवसांची नोटीस निघते. तोवर सगळ्यांनी गप्प बसायचं, आबांनीसुद्धा. पण आबा बसत नाहीत. ते फोन करतात. "सर्कल रजेवर होते, घरी जाऊन गाठलं." "फाइल खाली गेलती, वर घ्यायला लावली." हरकत कुणाचीच नसते. मुदत आपसूक संपते, मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात आणि आबा नवा सातबारा घेऊन दारात हजर! वर खर्चपाणी. सरकारी मुदतीवर इतकं निर्धास्त पोट भरणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

या क्रियापदाची कुळी तशी खानदानी आहे. इटालियन भाषेत ते घोडा हाताळण्याबद्दल होतं, त्याच्याही मागे लॅटिनमधला 'हात' आहे. सोळाव्या शतकात ते इंग्रजीत आलं. पुढे घोडा गेला, कारखाने नि कचेऱ्या आल्या. धावतपळत गाडी पकडली तरी इंग्रज हेच क्रियापद वापरतो, आणि अवचित पाहुणे आल्यावर आमटीत पाणी वाढवणारी आमची वहिनीही "केलं मॅनेज" म्हणते. घोड्याची हकिकत आबांना सांगितली, तर म्हणाले, "मग बरोबरे. आमचाबी घोडेबाजारच की."

आबांचा खरा हंगाम ग्रामपंचायतीचा. तिथे 'मॅनेज करणं' ही कला आणि 'मॅनेज होणं' ही शिवी. "तो मॅनेज झाला" हे वाक्य आबा इतक्या खालच्या आवाजात म्हणतात, की ऐकणाऱ्यानं टोपी काढावी. 2021 च्या जानेवारीत सरपंचपदाचा लिलाव झाल्यावरून राज्य निवडणूक आयोगानं नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्याची आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीची निवडणूकच रद्द केली. आबा मनापासून हळहळले. लोकशाहीसाठी नव्हे. "चारचौघांत बोली लावत्यात व्हय? याला मॅनेज म्हणत न्हाईत."

मागच्या खेपेला आबा स्वतःच उभे राहिले. पत्रकं वाटली, ग्रामदैवताला नारळ फोडला. माघारीच्या दिवशी दुपारी तीनची वेळ. पावणेतीनला दोन्ही फोन बंद, आणि अर्ज मागे. वॉर्ड बिनविरोध. महिन्याभरात आबांच्या रानात बोअरची गाडी लागली.

"आबा, तुम्हीच मॅनेज झालात?" कुणीतरी टपरीवर हिंमत केलीच.

"झालो न्हाई," आबा चहा फुंकत म्हणाले, "केलं."

"कुणाला?"

आबांनी क्षणभर विचार केला. "पाणी दोनशे फुटांवर लागलं," म्हणाले, आणि चहाचे पैसे द्यायला त्यालाच खुणावलं.