वायरमन मिस्त्री

शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्री काढायची तर भट्टीचं नंतर बघता येतं, आधी वायरमन मिस्त्री धरून ठेवावा लागतो. हा माणूस कुठल्याच कारखान्याच्या पगारपत्रकावर नसतो आणि सगळ्या कारखान्यांत असतो. खिशाला टेस्टर, दातांत वायर. स्ट्रिपर असतो पेटीत, पण पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशीसारखा. वायर दातांनीच सोलायची आणि हुकूमही त्याच दातांतून सोडायचे. हेल्परला अर्धी वाक्यं अंदाजानं लावावी लागतात.

पॅनेलचं दार उघडलं की मिस्त्रींचं पहिलं वाक्य ठरलेलं. “ह्ये कुणी केलंय?” बहुतेक वेळा त्यांनीच केलेलं असतं. पण क्रेन बंद असताना हे बोलून दाखवण्याइतका मूर्ख सुपरवायझर कोल्हापुरात अजून नेमला गेलेला नाही. पॅनेलचं ड्रॉइंग दाराच्या आतल्या बाजूला मार्करनं काढलेलं होतं. मग एका दसऱ्याला कुणीतरी उत्साहानं ते दार रंगवलं. तेव्हापासून ड्रॉइंग फक्त मिस्त्रींच्या डोक्यात आहे, आणि त्यांचा भावही तेव्हाच वाढला.

अशा मिस्त्रींपुढे मालकांनी डोक्यावरून धावणाऱ्या ईओटी क्रेनचा रेडिओ रिमोट आणून ठेवला. कल्पना चांगली होती. लोंबतं पेंडंट हातात धरून तापलेल्या लॅडलच्या शेजारून चालण्यापेक्षा लांब उभं राहून बटणं दाबलेली बरी. मिस्त्रींनी मात्र डबा उलटा करून पाहिला. “हवेतनं सप्लाय येनार व्हय?” मॅन्युअल हेल्परच्या हातात गेलं आणि त्यानं वारा घ्यायला सुरुवात केली. रिसीव्हरचं झाकण उघडल्यावर मात्र मिस्त्रींचा चेहरा खुलला. आत ओळीनं रिले. वर, खाली, सीटी म्हणजे आडवी चाल, एलटी म्हणजे लांबीची चाल आणि एक मेन कॉन्टॅक्टरचा. “आवं, ही तर बटनंच हायत की! कॉमन कुठंय तेवढा सांगा.” कॉमन ११० व्होल्टच्या कंट्रोल ट्रान्सफॉर्मरवरून घेतला. पेंडंट काढलं नाही. मधे सिलेक्टर स्विच टाकला, म्हणजे एका वेळी एकच चालेल. “बॅटरी चार्जिंगला लावायची तुमची मानसं इसरनार,” हे कारण.

चाचणीला ‘वर’ दाबलं आणि हूक खाली आला.

नवीन रुजू झालेले इंजिनिअर साहेब तत्परतेनं म्हणाले, “मोटरचे दोन फेज बदला, झालं.”

मिस्त्रींनी तोंडातली वायर काढली. हे फार क्वचित घडतं.

“हूक वर जाईल ओ साहेब. पन वरचा लिमिट स्विच कुठल्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलला हाय? ‘वर’च्या. आनि तुमचं बटन ओढतंय ‘खाली’चा. फेज बदललं की ह्योच ‘खाली’चा हूक वर नेनार आनि लिमिटला पत्ता न्हाई. हूक ड्रमला जाऊन धडकनार, रोप तुटनार. खाली मानूस आसतोय.”

साहेबांनी वर बघितलं आणि दोन पावलं मागे सरकले. मिस्त्री शिडी चढले, रिसीव्हरच्या दोन कंट्रोल वायरी अदलाबदल केल्या, रिकामा हूक लिमिटपर्यंत नेला. थांबला. मग हूक वर जात असतानाच रिमोटची बॅटरी ओढून काढली. क्षणभरानं मेन कॉन्टॅक्टर खट्ट करून सुटला. पुस्तकात लिहिलेल्या गोष्टीवर मिस्त्रींचा विश्वास बसतो तो असा. शेजारच्या क्रेनचा रिमोटही मागवून त्याची सगळी बटणं दाबून झाली, आपली क्रेन हलत नाही ना ते बघायला.

दातांनी वायर सोलणाऱ्या माणसाचं मला एरवी कौतुक नाही. पण त्या क्रेनखाली उभं राहायचं असेल तर शिडीवर कोण होतं, हे मी विचारून घेईन.

मजुरीचा विषय निघाला तसे मिस्त्री संकोचले. “द्या काय द्यायचं ते.” मालकांनी दिलं. मिस्त्रींनी ते मोजलं आणि परत त्यांच्या टेबलावर ठेवलं. दुसऱ्यांदा दिलेले खिशात गेले.

“आता ड्रॉइंग तेवढं काढून ठेवा,” मालक म्हणाले.

“काढतो की.” मिस्त्रींनी मार्कर उघडला आणि पॅनेलच्या दाराकडे बराच वेळ बघितलं. “पन रंग लई खराब झालाय ओ ह्येचा. आदी दार रंगवून घ्या.”