पंचांगराव

सरकारी कचेरीत बातम्या फोडणारी माणसं असतातच. कुणाची बदली कुठं झाली, महागाई भत्ता किती वाढणार, मोठ्या साहेबांचं कुणाशी वाजलं, असल्या बातम्या चहाच्या आधी टेबलावर येतात. पंचांगरावांना यातल्या कशाचंही सोयरसुतक नाही. ते वर्षातून एकच बातमी फोडतात. पुढच्या वर्षीच्या सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना राजपत्रात आली, की शाखेतली तिची पहिली प्रत त्यांच्या हातात असते. ती दोन्ही हातांनी धरून, चष्मा कपाळावर चढवून ते म्हणतात, “बघू या, माउलींनी यंदा काय दिलंय.”

त्यांचं खरं नाव हजेरीपटात आहे, ते तिथंच राहू दे. पंचांगराव हे नाव पडलं ते त्यांच्या टेबलामुळे. डावीकडे दाते पंचांग, उजवीकडे कालनिर्णय, काचेखाली पालखी सोहळ्याचं वेळापत्रक आणि या तिघांच्या मध्ये, जागा उरली तर, सरकारी फाईल.

पंचांगराव वारकरी आहेत. गळ्यात माळ आहे, एकादशी चुकत नाही, आणि दरवर्षी वारीला जातो असं ते शपथेवर सांगू शकतात. ते खोटंही नाही. फक्त ते वारी हप्त्यांनी करतात. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून प्रस्थान ठेवते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. साधारण अडीचशे किलोमीटर, अठरा-एकोणीस दिवस. पंचांगरावांच्या मते हा कार्यक्रम ठरवताना आस्थापना शाखेचं मत घेतलेलं दिसत नाही. तेव्हा ज्या वर्षी जो टप्पा शनिवार-रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी पडेल, तो त्या वर्षी चालायचा आणि वेळापत्रकावर पिवळ्या पेनाने रंगवायचा. दरवर्षी वार सरकतात, म्हणजे कधी ना कधी प्रत्येक टप्पा रविवारी येणारच. विमा कंपनीला शोभेल असं हे गणित आहे, आणि त्यात चूक काढणं मला तरी जमलेलं नाही.

अडचण एकच, ती महाराष्ट्र शासनाची. आपल्या सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीत गुड फ्रायडे आहे, पारशी नववर्ष आहे, आषाढी एकादशी नाही. महाराष्ट्र दिन आणि बुद्ध पौर्णिमा उरकली, की तिथून थेट १५ ऑगस्टपर्यंत सगळा पावसाळा कोरडा. या कोरड्यात हल्लीच्या वर्षांत दोनच सरी येतात: बकरी ईद आणि मोहरम. त्यामुळे पंचांगराव हे आमच्या कचेरीतले, किंबहुना साऱ्या पुणे जिल्ह्यातले, असे एकमेव वारकरी असावेत ज्यांना हिजरी सनाचे बाराही महिने क्रमाने पाठ आहेत. जिल्हज कधी लागतो, चांद एकोणतिसाव्या दिवशी दिसणार की तिसाव्या, यावर ते रेकॉर्ड रूममधल्या शेखभाईंशी तासतासभर बोलतात. शेखभाई बिचारे कंटाळून म्हणतात, “पंचांगराव, एवढं तर आमच्या घरात कुणी विचारत नाही.”

पण त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं असतं. बकरी ईद म्हणजे जिल्हजची दहावी तारीख. मोहरमची सुट्टी म्हणजे त्या महिन्याचा दहावा दिवस, आशुरा. मुसलमानी महिना अमावास्येनंतर चंद्र दिसल्यावर लागतो, म्हणजे त्याची दहावी तारीख आपल्या शुद्ध एकादशीच्या आगेमागेच येणार. आषाढाशी योग्य महिना जुळला, की विठोबा आणि सुट्टी एकाच दिवशी. २०२२ आणि २०२३ ला आषाढीच्याच दिवशी बकरी ईद आली. मग २०२३ च्या अधिक श्रावणाने आषाढी महिनाभर पुढं ढकलली, तर २०२४ आणि २०२५ ला तिच्या जोडीला मोहरम हजर. “पाहिलंत?” पंचांगराव म्हणतात, “चंद्र दोघांचा एकच. यादी करणारे वेगळे.”

इतका अभ्यास करूनही माणसाला फळ मिळतंच असं नाही. २०२२ च्या आषाढीला रविवार. २०२५ च्या आषाढीला पुन्हा रविवार, ६ जुलै. एकादशी, मोहरम आणि रविवार असे तीन दिवस एका दिवसात कोंबले गेले, तेव्हा पंचांगरावांच्या घरी दोन वेळा उपास झाला असं वहिनींनी सांगितलं. एक एकादशीचा आणि दुसरा बुडालेल्या सुट्टीचा.

२०२३ चं दुःख तर अजून ओलं आहे. बकरी ईदची सुट्टी आधी २८ जूनला, बुधवारी जाहीर झाली होती. २८ म्हणजे दशमी. वाखरीहून पंढरपूर, वारीचा शेवटचा टप्पा, दिंड्यांचा सगळा पूर लोटतो तो. पंचांगरावांनी एसटीचं आरक्षण केलं, वाखरीजवळ कुणाच्या तरी मेहुण्याकडे रात्रीची पथारी ठरवली, पिवळं पेन नवं आणलं. आणि ऐन वेळी शासनाने सुट्टी २९ तारखेला नेली. आता कुणीही म्हणेल, उत्तमच झालं, एकादशीचीच सुट्टी मिळाली. पण एकादशीला चालायचं कुठं? त्या दिवशी माणूस पंढरपुरात पोचलेला असतो. तिथं चंद्रभागेचं स्नान आणि दर्शनाची रांग. पिवळ्या रंगाला काम नाही. ते दशमीला कचेरीतच बसले, दुपारी फोनवर सोहळ्याचं थेट प्रक्षेपण लावलं आणि साहेब आले तेव्हा हात जोडून उभे राहिले. साहेबांना वाटलं, आपल्यासाठीच.

तसे ते व्यवहारी आहेत. फेब्रुवारी २०२० अखेर राज्यात पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला, तेव्हा कुणी सिनेमाचे बेत केले, कुणी फ्लॅटच्या खिडक्या पुसायला काढल्या. पंचांगरावांनी वारीचं सुधारित अंदाजपत्रक केलं. दिव्याचा घाट त्यांनी असाच पदरात पाडून घेतला. माउलींच्या टप्प्याला मंगळवार पडला आणि तुकोबांचा एखादा टप्पा रविवारी निघाला, तर ते बिनदिक्कत देहूच्या पालखीत शिरतात. बेलवाडीचं रिंगण त्यांनी त्याच वाटेने पाहिलं. दोन्ही पालख्या अखेर वाखरीलाच जातात, असं वर ऐकवतातही. टप्पा संपला की मुक्काम नाही, विसावा नाही. सकाळी स्कूटर पुढच्या गावी नेऊन ठेवलेली असते, तिच्यावर बसून रात्री घरी. सोमवारी दहाला सही.

२०२० आणि २०२१ ला साथीमुळे पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. साऱ्या महाराष्ट्राच्या पोटात तुटलं. पंचांगरावांनाही वाईट वाटलं, नाही असं नाही, पण त्यातून त्यांनी एक पायंडा तेवढा टिपून ठेवला. कुणी त्यांच्या स्कूटरवरून हसलं, की ते शांतपणे विचारतात, “माउलींना वाहन चालतं, मला का नाही?”

आता वाचणाऱ्याच्या मनात जो प्रश्न आला असेल, तो आम्हीही त्यांना विचारून चुकलो आहोत. अहो, सरळ रजा का नाही टाकत? अर्जित रजा आहे की!

या प्रश्नावर पंचांगराव ज्या नजरेने बघतात, तशी नजर मी फक्त मंगळसूत्र गहाण टाकायला सांगितलेल्या बाईची पाहिली आहे. निवृत्तीच्या वेळी ३०० दिवसांपर्यंतच्या अर्जित रजेचे पैसे रोख मिळतात. पंचांगरावांच्या खात्यावर पुरे ३०० दिवस आहेत, तीनशेच्या तीनशे, एकालाही नख लागलेलं नाही. पांडुरंगासाठी त्यांनी कांदा सोडला, लसूण सोडली, चातुर्मासात वांगं सोडलं, एकदा तर कुणा महाराजांच्या सांगण्यावरून चहाही सोडून पाहिला. अर्जित रजेचा विषय मात्र पांडुरंगाने काढू नये, अशी त्यांची अपेक्षा असते. आणि नैमित्तिक रजा? वर्षाला आठ. त्या लग्नं, बारशी आणि दाढदुखी यांच्यात दिवाळीआधीच संपतात; जूनमध्ये त्या शिल्लक असल्या तरी “पुढं काय वाढून ठेवलंय कोण जाणे” म्हणून काढायच्या नाहीत.

कचेरीच्या फाटकाशी चहाची टपरी चालवणाऱ्या मावशी दरवर्षी पूर्ण वारी करतात. ज्येष्ठ सरत आला की दिंडीची वर्गणी भरतात, टपरीला कुलूप घालतात, लेकीला एक फोन करतात आणि डोक्यावर गाठोडं घेऊन आळंदीची वाट धरतात. आम्हाला तीन आठवडे कँटीनचं काळं पाणी. एकदा पंचांगरावांनी त्यांना अगदी खात्याच्या सुरात विचारलं, “मावशी, एवढे दिवस तुमची व्यवस्था कशी होते?”

मावशींनी जरा विचार केला. “कसली व्यवस्था, माउली? कुलूप लावते.”

पंचांगरावांनी यावर मान डोलावली आणि टेबलाशी येऊन कालनिर्णयचा जुलै उघडला. मावशींबद्दल त्यांना खरोखर आदर आहे. त्यांचं एवढंच म्हणणं आहे की त्या असंघटित क्षेत्रात आहेत.

असं करत करत त्यांच्या वेळापत्रकावर आता जवळजवळ सगळं पिवळं झालं आहे. सासवड, जेजुरी, वाल्हे, फलटण, नातेपुते, वेळापूर. नीरास्नान पिवळं. सदाशिवनगरचं रिंगण पिवळं. वाखरीची वाटसुद्धा एका वर्षी पदरात पडली. पांढरा राहिलाय तो एकच टप्पा: लोणंद ते तरडगाव. वाटेत चांदोबाचा लिंब लागतो, तिथं वारीतलं पहिलं उभं रिंगण होतं, माउलींचा अश्व दिंड्यांमधून दौडत जातो आणि त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. तो टप्पा २०२४ ला सोमवारी पडला, २०२५ ला शुक्रवारी. शनिवार-रविवारच्या दोन्ही कडांना चाटून गेला, आत काही आला नाही. आम्ही म्हटलं, एक दिवस, फक्त एक किरकोळ रजा. ते म्हणाले, “रजा टाकून तर कुणीही जाईल.”

२०२६ च्या यादीनेही त्यांची निराशाच केली. ज्येष्ठ अधिक, त्यामुळे मोहरम जूनमध्ये आणि आषाढी २५ जुलैला, दोघांची ताटातूट. त्यातून एकादशी शनिवारी. “शनिवार तर आपला आधीच होता,” ते म्हणाले, “यात नवीन काय दिलं?” आषाढाशी आता सफर महिना जुळतो, आणि सफरमध्ये सुट्टी नाही. पुढं २०२९ ला चैत्र अधिक येईल, तेव्हा ईद-ए-मिलाद आषाढीच्या शेजारी येऊन बसेल, हे त्यांनी आताच वहीत नोंदवून ठेवलं आहे.

पण पंचांगराव निवृत्त होतात मे २०२९ च्या अखेरीस. त्या आषाढात त्यांना सुट्टीची गरजच नाही. सगळी अडीचशे किलोमीटर सलग चालता येतील. शेखभाईंनी हे सुचवलं, तेव्हा पंचांगरावांचा चेहरा पडला. बराच वेळ अधिसूचनेची घडी घालून पुन्हा उलगडत ते म्हणाले, “ते खरं हो. पण निवृत्त माणसाला रविवार नसतो. मोजायचं कुठून?”

लोणंद ते तरडगाव हा वारीतला तसा लहानसाच टप्पा आहे. जेमतेम आठ किलोमीटर.