अझेलियाकाका

न्यू जर्सीतल्या कुठल्याही मराठी मंडळात चौकशी करा, एक तरी अझेलियाकाका निघतोच. वय पासष्टच्या पुढे, गुडघ्याला पट्टा, खिशात कात्री आणि तोंडी पीएच. पुण्यात असताना ह्यांनी गॅलरीतल्या तुळशीलाही कधी पाणी घातलं नव्हतं. इथे मात्र कुंपणालगतच्या अकरा झुडपांची नावं नातवंडांच्या नावांआधी आठवतात.

तुम्ही दारात बूट काढता न काढता तोच "आधी बाग!" असा हुकूम सुटतो. "हे ऱ्होडोडेंड्रॉन का हो?" असं चुकूनही विचारू नका. काका फूल वाकवून पुंकेसर मोजायला लावतात. "पाच ना? मग अझेलिया. त्यांचे बहुधा दहा असतात. आडनाव दोघांचं एकच, ऱ्होडोडेंड्रॉन; पण शाखा वेगळी!" मग खानदान निघतं: जपानातलं कुरुमे गाव, 1918 साली तिथे गेलेला अर्नेस्ट विल्सन, त्याने निवडलेले पन्नास वाण. स्थळ बघायला आल्यासारखे आपण माना डोलवायच्या.

ह्या झुडपांना माती आंबट लागते, पीएच साधारण साडेचार ते सहा. म्हणून चहा गाळला की चोथ्यावर काकांचा हक्क. चहा दूध-साखरेचा, तेव्हा चोथा आधी तीन पाण्यांनी धुवायचा. माती खरी आंबट होते ती गंधकाने, आणि तीही महिनोन् महिने थांबल्यावर, हे काकांना पाठ आहे. पण चोथा फेकवत नाही. मुळं अगदी वरवर पसरतात, म्हणून तिथे खुरपं चालवायला बंदी, वर पाइनच्या सुयांची गादी. काकूंची मेथी त्या गादीपायी तीन वर्षं खोळंबली आहे.

नावात 'सदाहरित' असूनही शरदात थोडी पानं पिवळी पडून गळतात. वसंतातली जातात, उन्हाळ्यात आलेली हिवाळा काढतात. "काका, झाड गेलं वाटतं," असं म्हणणाऱ्या भाच्याला त्या दिवशी दुसरा चहा मिळाला नाही. हरणं येतात म्हणून फांद्यांना साबणाच्या वड्या टांगल्या आहेत. हरणं साबण हुंगून शेजारची कळी खातात.

पण खरा घाव छाटणीचा. पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात, म्हणून कात्री चालवायची ती फुलं झडल्या झडल्या. एका सप्टेंबरात काका भारतात असताना लॉन कापणाऱ्याने झुडपं छान गोल करून ठेवली. पुढच्या मे महिन्यात अकरा हिरवे लाडू. घरात सुतक.

फुलं येतात एप्रिलअखेरीपासून मेपर्यंत, म्हणजे ऐन हापूसच्या दिवसांत. बारा वर्षं झाली, काका आंब्याच्या मोसमात घरी गेलेले नाहीत. काकूंचं म्हणणं थोडक्यात असं: "वास नाही, देवाला वाहत नाही, पोटात गेलं तर विष. आणि ह्याच्यापायी हापूस सोडला!"

तेव्हा मेच्या पहिल्या आठवड्यात त्या बाजूला गेलात, तर आमरसाचा एक डबा न्या. काका तो फुलांसमोर खुर्ची टाकून संपवतील आणि चक्क पाच मिनिटं गप्प बसतील. डबा मात्र परत मागू नका. त्यात एव्हाना गंधक भरलेलं असेल.