कोळ्याच्या कपाळी काय

2023 च्या मे महिन्यात बेंबळीत दोघांची वाट बघणं चालू होतं. चाळिशीच्या पलीकडचे मृगाकडं डोळे लावून बसले होते आणि अलीकडचे स्पायडरमॅनकडं. मृगाची तारीख पंचांगात होती, स्पायडरमॅनची मोबाइलात. दोघांत शब्दाला जागला तो स्पायडरमॅन. ठरल्याप्रमाणं 1 जूनला, म्हणजे अमेरिकेच्याही एक दिवस आधी, तो भारतात उतरला. पाऊस आमच्या शिवारात पोचेपर्यंत जून सरत आला. सोयाबीनचं बियाणं घरात आणून हात चोळत बसलेल्या मंडळींना तोवर करायला काही कामच नव्हतं. म्हणून पोरं जे बोलत होती ते कान देऊन ऐकलं गेलं, आणि एकदा ऐकलं म्हटल्यावर बेंबळीचा माणूस मत दिल्याशिवाय उठत नाही.

सिनेमाचं नाव ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’. हा पट भारतात दहा भाषांत येणार आणि त्यात मराठीही आहे, ही बातमी माझ्या पुतण्यानं आणली. त्याचं तेव्हा बारावीचं वर्ष सुरू होणार होतं. म्हणजे घरात त्याच्याशी बोलायला सगळे भीत होते आणि तो सोडून सगळे अभ्यासाच्या काळजीत होते. मराठी ट्रेलर आला त्याच दिवशी गावात पहिली फूट पडली. एक गट म्हणाला, आपल्या भाषेत कोळी बोलला, आणखी काय पाहिजे? दुसरा म्हणाला, “बोलला, पर सदाशिव पेठेत जाळं बांधल्यागत बोलला की! ‘लई’ न्हाई, ‘कामून’ न्हाई. हे काय मराठी हाय व्हय?” सिनेमा पडद्यावर यायला अजून अवकाश होता आणि बोलीभाषेच्या अन्यायावर सलूनमध्ये भाषणं झालीसुद्धा.

सलून हे आमच्याकडचं खरं प्रेक्षागृह. गावात थिएटर नाही, त्यामुळं न पाहिलेल्या सिनेमांवर बोलायची गावाला पिढीजात सवय. ह्या सिनेमात पवित्र प्रभाकर नावाचा भारतीय स्पायडरमॅन आहे आणि हिंदी-पंजाबीत त्याला आवाज शुभमन गिलनं दिलाय, हे कळल्यावर तर आरशासमोरची खुर्ची रिकामी होईना. आयपीएलची फायनल पावसामुळं एक दिवस पुढं ढकलली गेली होती, मध्यरात्र उलटून संपली होती आणि धोनीच्या चेन्नईनं गिलच्या गुजरातला हरवलं होतं. गिलनं त्या मोसमात 890 धावा काढल्या होत्या, पण फायनल ती फायनल. धोनीवाल्या पोरांनी जाहीर केलं, की हरलेल्या माणसाच्या आवाजातला स्पायडरमॅन आम्ही बघणार नाही. गिलवाल्यांनी सांगितलं, की म्हणूनच आम्ही दोनदा बघू. पवित्र प्रभाकरचे दाट, झुलपेदार केस पाहून सलूनवाल्याकडं तसल्या कटिंगची मागणी आली. त्यानं सर्वांचे नेहमीसारखेच कापले आणि दहा रुपये जास्त घेतले.

ह्या पवित्रचं मूळ मात्र शोधण्यासारखं आहे. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग ह्यांनी 2004 मध्ये त्याला कॉमिकमधून जन्माला घातलं. कॉमिकातला हा पोरगा आई-बाप नसलेला, माया काकी आणि भीमकाकाच्या जिवावर वाढलेला, गावाकडून शिष्यवृत्तीवर मुंबईला शिकायला गेलेला. धोतर नेसून भिंतीवर चढतो. त्याला कोळी चावत नाही, एक योगी त्याला शक्ती देतो. पुतण्यानं ही माहिती एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात दिली तेव्हा पहिला प्रश्न आला, “गावाकडून म्हंजे कुठल्या गावाकडून?” तेवढं कुणाला सांगता येईना. पुढं चहा येईपर्यंत तो आपल्याच भागातला असल्याचं सिद्ध झालं होतं. शिकायला बाहेर गेला, काकाच्या जिवावर वाढला, शिकायचं सोडून लोकांच्या भानगडीत पडला. आणखी कुठला पुरावा पाहिजे?

हॉटेलात अण्णा असतात. अण्णा म्हणजे गावातले सर्वांत जुने वाचक. ‘इंद्रजाल कॉमिक्स’ 1964 साली सुरू झाली, आणि त्यातल्या वेताळाच्या गुहेचा नकाशा अण्णांना बेंबळीच्या गावठाणापेक्षा जास्त पाठ आहे. पोरांनी मोबाइलवर पवित्रच्या मुंबॅटन शहराचं दृश्य दाखवलं. मुंबई आणि मॅनहॅटन घुसळून केलेलं शहर, इमारतींवर इमारती, मधे लोंबकळणारी वाहतूक. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइल नाकाला लावला आणि म्हणाले, “ही आमच्या इंद्रजालची छपाई हाय. रंग रेषेच्या भायेर गेलाय बघ.” पोरं हसली. पुढं कळलं, की चित्रकारांनी मुंबॅटनसाठी सत्तरच्या दशकातल्या इंद्रजाल कॉमिक्सचाच आधार घेतला होता. हे कळल्यापासून अण्णांच्या चहाचे पैसे पोरंच देतात, आणि अण्णाही ती आठवण जुनी होऊ देत नाहीत.

सिनेमा लागल्यावर पहिल्या रविवारी आम्ही सोलापूरला निघालो. आईला, म्हणजे पोरांच्या आज्जीला, सिनेमाला नेणं कुणाच्या डोक्यात नव्हतं. पण सोलापूरची वाट तुळजापूरवरून, आणि तुळजापूरवरून जाणारी गाडी आईला घेतल्याशिवाय आमच्या दारातून हललेली नाही. दर्शन झाल्यावर तिनं विचारलं, आता कुठं? पुतण्यानं सांगितलं, कोळी झालेल्या पोराचा सिनेमा. आई विचार करून म्हणाली, “आपली भवानी अष्टभुजा, त्यो अष्टपाद. चला, बघू.” आम्हाला मिळाला तो हिंदी खेळ. मराठीसाठी भांडलेल्या गटानं हा अपमान पॉपकॉर्नसोबत गिळला.

सिनेमा सुरू झाला आणि पाच मिनिटांत आई म्हणाली, “ऐकूच येईना की रं.” आम्ही नेहमीसारखं दुर्लक्ष केलं, तिच्या कानांविषयी घरात एकमत आहे. नंतर वाचनात आलं, की सुरुवातीचे संवाद ऐकू येत नाहीत अशी ओरड खुद्द अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी केली होती, आणि निर्मात्यांवर थिएटरवाल्यांना आवाज वाढवा म्हणून सांगायची पाळी आली होती. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मग बहिरं कोण ठरलं?” त्यानंतर घरात टीव्हीचा आवाज ती सांगेल तेवढा असतो.

चित्रांबद्दल बोलायचं तर माझ्यासारखा मास्तर माणूसही गप्प झाला. प्रत्येक जगाची रंगायची तऱ्हा निराळी. ग्वेन नावाच्या पोरीच्या जगात भिंतींचे जलरंग तिच्या मनाप्रमाणं ओघळतात आणि बदलतात. हजाराच्या आसपास माणसं ह्या कामावर राबली होती म्हणे. आमच्यासोबत आलेल्या सलूनवाल्याचं मत वेगळं पडलं. “सगळ्याला रंगाचा हात फिरवलाय, पर फिनिशिंग न्हाई,” तो म्हणाला, आणि मध्यंतरानंतर डोळे दुखतात म्हणून बाहेर जाऊन बसला. मी त्याला दोष देत नाही. 140 मिनिटं इतक्या वेगानं रंग अंगावर आले की डोळ्यांना श्वास घ्यायला जागा नव्हती.

आणि ऐन रंगात आलेला सिनेमा मधेच थांबला. नायक परक्या जगात बांधून पडलाय, बाप मरायच्या वाटेवर आहे, मैत्रीण फौज गोळा करतीय, आणि पडद्यावर अक्षरं: पुढचं पुढच्या भागात. थिएटरात अशी काही आरोळी उठली की जणू ऐन शेवटच्या षटकात वीज गेली. धोनीवाले म्हणाले, फसवणूक. गिलवाले म्हणाले, कलाकृती. फक्त आई शांतपणे पदर सावरत उठली. “सप्त्यात म्हाराज रोज आख्यान अर्ध्यावर सोडत्यात. म्हनून काय टाळकऱ्यांनी विणा हिसकावून घ्यायचा?”

गावी परतल्यावर खरी लढाई लागली. पुतण्याचा एक मित्र पुण्याला होता, त्यानं तिकडं सिनेमा पाहिला. फोनवर दोघांची जुंपली, की अमुक प्रसंगात अमुक जण असं म्हणालाच नाही. शपथा घेतल्या गेल्या, आई-बाप काढले गेले. काही दिवसांनी निर्मात्यांच्या बाजूनंच कबुली आली, की थिएटरांत सिनेमाच्या एकाहून जास्त आवृत्त्या फिरत होत्या, आणि बारीकसारीक संवाद, हरकती त्यात खरोखर निराळ्या होत्या. म्हणजे दोघंही खरं बोलत होते. भांडण मिटायला हवं होतं, पण दोघंही खरे ठरल्यानं कुणाचंच समाधान झालं नाही. ते अजून मिटलेलं नाही.

पण ह्याच्यावर कडी केली ती मिगेलनं. मिगेल ओहारा म्हणजे 2099 सालचा स्पायडरमॅन, बाकी सगळ्या कोळ्यांचा मुकादम. त्याचं म्हणणं असं, की प्रत्येक स्पायडरमॅनच्या आयुष्यात काही दुःखं ठरलेलीच असतात. जवळचा एखादा पोलीस अधिकारी मरायचाच. तो वाचवला तर जग फाटतं. मुंबॅटनमध्ये सिनेमाचा नायक माइल्स मोरालेस पवित्रच्या मैत्रिणीच्या बापाला, इन्स्पेक्टर सिंगला, वाचवतो आणि तिथं लगेच भगदाड पडायला लागतं. आता माइल्सचा स्वतःचा बाप पोलिसात कॅप्टन होणार, म्हणजे तोही मरणार. मुकादम म्हणतो मरू दे, पोरगा म्हणतो मरू देणार नाही, आणि शेकडो कोळी त्याच्यामागं लागतात.

ह्या ठरलेल्या दुःखाला सिनेमात ‘कॅनन इव्हेंट’ म्हणतात. जूनभर जगातल्या पोरांना त्याचं वेड लागलं, आणि बेंबळी जगातच येते. माझा पुतण्या तर पक्का मिगेलपंथी झाला. गाडी पंक्चर झाली, कॅनन इव्हेंट. दुधात मांजर तोंड घालून गेलं, कॅनन इव्हेंट, हात लावायचा नाही. अकरावीच्या गणितात मिळालेल्या गुणांबद्दल मी विचारलं तर डोळे मिटून म्हणाला, “काका, ह्यात आपण मधी पडायचं नसतं.”

आईनं हे ऐकलं आणि तिला एकदम सगळा सिनेमा कळला. “आरं, मंग ही सटवाईच की!” पाचवीच्या रात्री बाळाजवळ कोरा कागद अन् लेखणी ठेवायची, सटवाई येऊन कपाळीचं लिहून जाते, हे आमच्या घरात कुणाला नवं नाही. खुद्द सटवाईच्या लेकीला आईचं लिहिणं चुकवता आलं नाही, अशी गोष्टही आई सांगते. तेव्हा मला वाटलं, ती मिगेलची बाजू घेणार. घेतली ती माइल्सची. “त्यो मिगेल कोण? सटवाईचा कारकून. लिहिनारी लिहून गेली, ह्यानं कागद राखत बसायचं कारन काय? बाप मरतूय म्हटल्यावर लेकरू पळनार न्हाई व्हय? आन् तुझ्या गणिताचं म्हनशील, तर तुझ्या पाचवीला म्या सोता पेन ठिवलंता. चालू हाय का बघून ठिवलंता.”

म्हणजे गावातली सगळ्यात जुनी बाई दैव झुगारून बसली आणि हातात स्मार्टफोन असलेली पोरं दैवाला शरण गेली. मला ह्यात काही चमत्कारिक वाटत नाही. ज्यानं ऐंशी पावसाळ्यांचा लहरीपणा पाहिलाय त्याला लिहिलेल्यावर विसंबून पेरता येत नाही. त्या साली ऑगस्ट तर देशात शंभर-सव्वाशे वर्षांत झाला नाही इतका कोरडा गेला. आईनं ‘लिहिलं होतं’ म्हणून हात जोडले नाहीत. बोअरचं पाणी पुरवून पुरवून तिनं घरामागच्या चार भेंडीच्या ओळी जगवल्या.

पुढचा भाग मार्च 2024 ला येणार होता. जुलै 2023 मध्ये हॉलिवुडच्या कलाकारांनी संप केला आणि तारीख गेली. 2021-22 चा एसटीचा संप काढलेल्या गावाला ह्यात समजावण्यासारखं काही नव्हतं. आम्ही फक्त विचारलं, की विलीनीकरणाची मागणी आहे का. आता तारीख जून 2027 सांगतात. पुतण्या तेव्हा पदवीधर झालेला असेल, असं घरी धरून चालतात.

वाद थंड पडत आला होता. तेवढ्यात 25 जुलै 2025 ला अश्विन कुमारचा ‘महावतार नरसिंह’ आला. कार्टून म्हणजे लेकरांचं काम, असं आयुष्यभर म्हणणारी माणसं चपला काढून बसली. अण्णा गेले, बघून आले, आणि थेट आमच्या ओसरीवर येऊन उभे राहिले. “कोळ्याचा निकाल लागला,” म्हणाले. “हिरण्यकश्यपूला वर काय व्हता? घरात न्हाई, भायेर न्हाई. दिवसा न्हाई, रात्री न्हाई. देवानं वर खोडला का? न्हाई. उंबऱ्यावर धरला, तिन्हीसांजला. लिहिलेलं तसंच ऱ्हायलं अन् काम झालं. त्या माइल्सचा बाप कुठं मरनार हाय, दिवसा का रात्री, एवढं बघा. तिथं फट सापडंल.”

पुतण्या म्हणाला, तसं काही होणार नाही, बाप मरतो. आई म्हणाली, बाप जगतो, पोरगं पळून वाचवतं, उंबरा लागत न्हाई. अण्णा म्हणाले, जगतो, पर उंबऱ्यावरच. शेवटी पैज लागली आणि ती कागदावर लिहून घ्यायचं ठरलं. आईनं आधी पेन चालतंय का बघितलं. हरणाऱ्यानं सोलापूरच्या गाडीचं भाडं द्यायचं, जाताना तुळजापूरला थांबायचं, खेळ मराठी असेल तरच मराठी गटानं वर्गणी द्यायची. मी साक्षीदार म्हणून सही केली. मग अण्णांनी कागद परत मागून घेतला आणि खाली आईच्या सांगण्यावरून एक कलम वाढवलं: आवाज बारका असल्यास पैज रद्द.